जवला

पल्लवी मॅमनी माझा डबा दोन बोटांनी उचलला. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट. बाकीची तीन बोटं वर. मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलतात तसा.

डब्याचं झाकण घट्ट लागलेलं होतं. आत सुका जवळा होता, कांदा-मिरची घालून परतलेला, आणि तांदळाच्या दोन भाकऱ्या. जवळा म्हणजे नखाएवढी कोळंबी, उन्हात सुकवलेली. ऑफिसच्या मायक्रोवेव्हमध्ये मी तो अर्धा मिनिट ठेवला असेल. तेवढ्यात केबिनचं दार उघडलं होतं आणि मॅम नाकाला ओढणी लावून पॅन्ट्रीत आल्या होत्या.

"अगं, तू फार गुणी मुलगी आहेस," त्या म्हणाल्या. "पण हा वास कपड्यांना लागतो गं. तीन वाजता क्लायंट येतोय."

मग त्या काचेचं दार ढकलून जिन्यात गेल्या. लादी पुसायच्या बादलीशेजारी डबा ठेवला. परत आल्या, हात धुतले, दोनदा. "तिकडे बसून शांतपणे जेव," म्हणाल्या. आवाज अगदी गोड. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवीला उलट शिवी देता येते. गोड बोलण्याला काय द्यायचं?

पॅन्ट्रीत पाच जण जेवत होते. कोणी मान वर केली नाही. निखिल माझ्या शेजारच्या टेबलावर काम करतो. तो उठला आणि त्याने एक्झॉस्ट फॅन लावला. त्या फॅनच्या आवाजात मी हातात चमचा घेऊन उभी होते. आणि मी म्हणाले, "सॉरी मॅम."

मी म्हणाले. कोणी म्हणायला लावलं नव्हतं. त्याचा राग मला त्या दोन बोटांपेक्षा जास्त येतो, अजून येतो.

दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हवर कागद चिकटवलेला होता. इंग्रजीत, छान बॉर्डर वगैरे काढून. उग्र वासाचे पदार्थ गरम करू नयेत, असा त्याचा अर्थ. नाव कोणाचंच नव्हतं. नावाची गरजच नव्हती.

आमचं ऑफिस साकीनाक्याला, एका गाळ्यांच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. आम्ही लोकांची स्वयंपाकघरं करून देतो. म्हणजे डिझाइन मॅम करतात. ओटा किती उंच, सिंक कुठे, ड्रॉवर किती इंच उघडणार, ही ड्रॉइंग मी काढते. मोठ्या फ्लॅटांत हल्ली दोन ओटे असतात. एक पाहुण्यांना दाखवायचा, आणि एक मागे, मासे तळायला. म्हणजे मासे सगळ्यांनाच हवेत. वास कोणालाच नको. त्या मागच्या ओट्यावर चिमणी किती उंचीवर बसवायची, पाइप कुठून बाहेर काढायचा, मला झोपेतून उठवून विचारा. दुसऱ्यांच्या घरातला वास बाहेर घालवणं हेच माझं काम. मॅम म्हणतात, चिमणीची ड्रॉइंग हिच्याइतकी साफ कोणाची नाहीत.

आता मी कोण ते सांगते. मी मढची. कोळ्याची पोरगी. वर्सोव्याच्या जेट्टीवरून फेरीबोटीत बसलं की पाच मिनिटांत आमचा किनारा. बाबा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी आहेत, हंगामात आठ-आठ दिवस घरी नसतात. आय, म्हणजे माझी आई, जवळा, बोंबील, मांदेली सुकवते आणि डोक्यावर टोपली घेऊन अंधेरीच्या सोसायट्यांमध्ये विकते. तीस वर्षं तिचा हाच धंदा आहे. मी डिप्लोमा केला तो त्या टोपलीतून.

डबा परत नेला त्या दिवशी आयला सांगितलं, मीटिंग होती, जेवायला वेळच नाही झाला. तिने तो जवळा संध्याकाळी स्वतः खाल्ला.

त्यानंतर मी बदलले. हळूहळू नाही, एकदम. डब्यात बटाटा, भेंडी, मटकी. आय विचारायची, पोट दुखतं का गो तुझं? मी म्हणायचे, डॉक्टरने सांगितलंय. ऑफिसचे कपडे मी प्लास्टिकच्या पिशवीत वेगळे ठेवायला लागले, कपाटात वरच्या फळीवर. अंघोळ करताना लिंबाची फोड अंगाला चोळायची. फेरीबोटीत टोपलीवाल्या बायकांपासून लांब, नाकाडीवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, उभी राहायची, वारा लागावा म्हणून. त्या बायका मला लहानपणापासून ओळखतात. त्यातल्या एकीने मला अंगावर पाजलंय, आय आजारी होती तेव्हा. तिच्यापासून मी लांब उभी राहायचे.

आणि जीभ. आमच्या बोलीत ळ नाही. आम्ही कोली. आमचा पापलेट काला-पांढरा, आमची मासली, आमचा जवला. ण पण नाही, पानी आणि लोनी. शाळेतल्या बाई हसायच्या, पण शाळेत आम्ही सगळेच तसे होतो, त्यामुळे कोणाला काही वाटलं नाही. ऑफिसात मी एकटी होते. मी ळ शिकले. सव्वीस वर्षांची बाई फेरीबोटीत खाडीकडे तोंड करून पुटपुटत होती, काळा, गोळा, शाळा, सकाळ. जीभ उलटी वळवायची आणि टाळूला लावायची. दोन महिन्यांत जमलं. ऑफिसात कोणाच्या लक्षातही आलं नाही की मी काही शिकले. त्यांना वाटलं असेल, सुधारली.

सुधारले मी. इतकी सुधारले की एकदा आयला ओळख दाखवली नाही.

ते असं झालं. एका दुपारी निखिल आणि आणखी दोघी, आम्ही खाली उसाचा रस प्यायला उतरलो होतो. समोरच्या फुटपाथवर आय. टोपली डोक्यावर, हिरवं लुगडं, कमरेला बटवा. साकीनाक्याला ती कधी येत नाही. कोणा गिऱ्हाइकाने बोलावलं असेल. मधे एक रस्ता, रिक्षा, टेम्पो. मी तिला पाहिलं आणि ग्लासात बघायला लागले. ग्लासात फेस होता. मी फेस बघत राहिले, तो पूर्ण बसेपर्यंत. वर पाहिलं तेव्हा ती पुढे गेली होती, पाठ दिसत होती. बरं झालं, मला वाटलं, तिने पाहिलं नाही.

"कसला वास येतोय यार," निखिल म्हणाला. मी म्हणाले, गटाराचा असेल.

मी हे कधी कोणाला सांगितलं नव्हतं. ऑफिसात आई काय करते विचारलं की मी म्हणायचे, बिझनेस. छान शब्द आहे. त्याला वास येत नाही.

अशी दोन वर्षं गेली. ऑफिसात मला मैत्रिणी झाल्या असं नाही. बाजूला बसायला जागा मिळाली, एवढंच. घरीही मी कमी बोलायला लागले, कारण घरी बोललं की जीभ सैल पडायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत वळवावी लागायची. तिकडे पूर्ण नाही, इकडे पूर्ण नाही. फेरीबोटीतली ती पाच मिनिटंच काय ती माझी. तिथे मी कोणाचीच नव्हते आणि कोणाला काही दाखवायचं नव्हतं.

मग मॅमनी पार्टी दिली. पवईतल्या एका मोठ्या फ्लॅटचं काम संपलं होतं, सगळे थकले होते. अंधेरीत एक मलेशियन जेवणाचं हॉटेल आहे, फार चालतं. दुपारीही बाहेर रांग असते. दारात एक जण वही घेऊन उभा, त्याला नाव सांगायचं आणि फुटपाथवर थांबायचं. कॉलेजची पोरं, ऑफिसवाले, लहान मुलं घेतलेली कुटुंबं, सगळे आनंदाने उन्हात उभे. मॅमनी नाव सांगितलं. आम्ही सात जण होतो. आत पिवळे दिवे, पत्र्याच्या थाळ्या, लाकडी बाकं, भिंतीवर बंदराची चित्रं. चित्रांत होड्या होत्या. आमच्या होड्यांपेक्षा निमुळत्या, पण होड्याच. मी बाकाच्या टोकाला बसले. मी नेहमी टोकाला बसते.

मॅम मलेशियाला जाऊन आल्या आहेत. त्यांनीच सगळ्यांसाठी मागवलं. लाक्सा नावाचं शेवयांचं सार. रोटी चनाई, आपल्या पराठ्यासारखी पण पदरापदराची. उंचावरून ओतून फेसाळलेला चहा. आणि सगळ्यांसाठी नासी लेमाक. म्हणजे नारळाच्या दुधातला भात, अर्धं उकडलेलं अंडं, काकडी, शेंगदाणे, तळलेले बारीक सुके मासे आणि मधोमध लालभडक सांबल, म्हणजे मिरचीचा ठेचा. "त्यांची नॅशनल डिश आहे," मॅम म्हणाल्या. "पण खरी मजा सांबलमध्ये. वेगळी वाटी पण सांगितलीय मी. खा आणि मग बोला."

वेटर पन्नाशीचा, मिशा पिकलेल्या. त्याने वाट्या मांडल्या आणि अभिमानाने सांगितलं, "बेलाचान पहले तवे पे सेंकते हैं मॅडम, फिर मिर्ची के साथ कूटते हैं. महक आएगी, पर वही तो असली चीज है."

मॅमनी वाटी नाकाशी नेली. डोळे मिटले. "घ्या रे, सगळ्यांनी वास घ्या आधी. आहाहा! काय डेप्थ आहे."

वाटी हातोहात फिरली. निखिलने वास घेतला आणि म्हणाला, "झकास!" एकीने फोटो काढला. वाटी माझ्यापर्यंत यायच्या आधी वास आला.

मला काय झालं ते नीट सांगता येणार नाही. भूक लागली, पण पोटात नाही. दोन वर्षांत मी घरीसुद्धा जवळा खाल्ला नव्हता, तोंडाला वास राहील म्हणून. आमच्या अंगणात तव्यावर जवळा भाजताना जो धूर होतो, तोच हा. मी चमचा बाजूला ठेवला. भातावर सांबल घेतलं, लिंबू पिळलं, बोटांनी कालवलं आणि घास तोंडात घातला. जीभ तिच्या घरी गेली. आणि मी मोठ्याने ओरडले,

"आये गो! यो त जवला!"

शेजारच्या टेबलावरच्यांनी वळून पाहिलं.

"जवला?" निखिल हसायला लागला. "जवला काय यार! जवला!" बाकीचेही हसले. वाईट हसले नाहीत, गंमत वाटली त्यांना. लहान मूल बोबडं बोललं की हसतात तसं.

"जवळा म्हणायचंय तिला," मॅमनी माझ्या वतीने दुरुस्त केलं. मग माझ्याकडे वळून, "नाही गं. हे बेलाचान आहे. मलेशियाचं."

मी वेटरला हाक मारली. "भैया, बेलाचान किससे बनता है?"

"छोटी झिंगा से," त्याने करंगळीचं नख दाखवलं. "सुखाके, नमक डालके, कूटके. इधर बंबई में भी मिलती है ना, क्या बोलते उसको... जवला."

तो जवला म्हणाला. माझ्यासारखाच, ल घेऊन. त्याला कोणी हसलं नाही.

आणि मग जे झालं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. निखिलने हातातला घास ताटात ठेवला. एकीने तोंडातलं कागदी रुमालात काढलं. दुसरीने वाटी सरकवली, बोटाच्या टोकाने, टेबलाच्या मधे. मॅम हसत होत्या, पण त्यांचा चमचा आता काकडी आणि अंड्यापुरता चालत होता. दोन मिनिटं. फक्त दोन मिनिटांपूर्वी त्या वाटीत डेप्थ होती. वाटीत काही पडलं नव्हतं, माशी नाही, केस नाही. माझा एक शब्द पडला होता.

तेव्हा मला कळलं. इतकं साधं होतं आणि दोन वर्षं कळलं नव्हतं. मी लिंबू घासत होते. कपडे पिशवीत ठेवत होते. मला वाटत होतं यांना वास खुपतो. वासाला तर यांनी डोळे मिटून आहाहा केलं होतं. यांना आम्ही खुपतो. बेलाचान होतं तोवर गोड लागलं, जवला झाला आणि ताटं सरकली. आणि इथून पुढे मी जवलाच लिहिणार आहे.

मॅमना राहवलं नाही. "पण हे कसं हायजिनिक असतं ना," त्या म्हणाल्या. "आपल्याकडे रस्त्यावर वाळत घालतात, कुत्री फिरतात त्यावरून. आम्हीही मासे खातो गं, सुरमई, पापलेट, सगळं. पण ते सुकं बघूनच कसंतरी होतं. तुझ्या घराकडेच दिसतं ना ते? मढला?" मग त्यांना काहीतरी आठवल्यासारखं झालं. "तुझी आई काय करते म्हणाली होतीस?"

सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या हाताला सांबल लागलेलं. बिझनेस हा शब्द तयार होता, जिभेच्या टोकावर, नेहमीसारखा. म्हटला असता की सुटले असते. मॅम म्हणाल्या असत्या, अरे वा. चहा आला असता. सोमवारी मी माझ्या जागेवर बसले असते आणि कोणाला काही आठवलं नसतं. मी तोंड उघडलं तेव्हा मलाच माहीत नव्हतं काय बाहेर येणार.

"माझी आय सुकी मासली विकते," मी म्हणाले. "डोक्यावर टोपली घेऊन. हाच जवला. ती रोज पहाटे जमीन झाडते, त्यावर जाळं अंथरते आणि मग पसरते. उन्हात बसून एकेक खेकड्याचं पिल्लू, एकेक शिंपली हाताने वेचून काढते. कुत्रं आलं तर दगड मारते. तीस वर्षं."

मासली. ल घेऊन. या खेपेला तोंडातून निसटलं नाही, मी मुद्दाम म्हटलं.

कोणीतरी खाकरलं. मग मॅमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अगं वेडे, मग आधी नाही का सांगायचं? आम्ही काय खाल्लं असतं का तुला? त्यात लाजण्यासारखं काय आहे?"

सगळे सुटल्यासारखे हसले. बरं वाटलं त्यांना. मोठं मन दाखवायची संधी मिळाली की फार बरं वाटतं माणसाला.

"मग सोमवारी मी पॅन्ट्रीत जवला गरम केला तर चालेल?" मी विचारलं.

खांद्यावरचा हात उचलला गेला.

"ते वेगळं गं."

"काय वेगळं?"

"इथे आपण ट्राय करायला येतो. रोज कोणी खातं का असलं?"

"आम्ही खातो. रोज."

"हळू बोल," मॅम दबक्या आवाजात म्हणाल्या. "लोक बघतायत."

"बघू देत."

मग मी वेटरला म्हटलं, "भैया, सांबल और एक वाटी लाना. सिर्फ मेरे लिए." त्याने एकवार सगळ्या टेबलाकडे पाहिलं, सरकवलेल्या वाट्यांकडे पाहिलं, आणि काही न विचारता गेला. वाटी आणली, सोबत न मागता लिंबाच्या दोन फोडी. मी जेवले. सावकाश, हाताने, भाताचं शेवटचं शीत संपेपर्यंत. सहा जण माझं जेवण संपायची वाट बघत बसले होते. फोन बघत होते, एकमेकांना काही दाखवत होते. इतक्या माणसांत बसून इतकं एकटं मी आयुष्यात कधी जेवले नाही. जिन्यातसुद्धा नाही. पण रडू आलं नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं ते मिरचीचं, आणि मी ते पुसलं नाही.

बाहेर आल्यावर दोन रिक्षा केल्या. तिघे एकीत, तिघे दुसरीत. "तू कशी जाशील?" निखिलने विचारलं, म्हणजे आत जागा होती आणि नव्हती. मी म्हटलं, मी जाईन. वर्सोव्याच्या जेट्टीपर्यंत चालत गेले. उन्हात. हाताला वास येत होता आणि मी तो हात पिशवीत लपवला नाही.

सोमवारी मॅमनी केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली. "बघ, मला काही नाही. पण टीमला फार ऑकवर्ड झालं. इतक्या छान मूडमध्ये होते सगळे. ग्रुपवर एक छोटंसं सॉरी टाकून दे, विषय संपला."

"कशाबद्दल?"

"अगं, असंच. वातावरण नीट व्हावं म्हणून."

"नाही टाकणार मॅम."

त्यांना राग आला नाही, आश्चर्य वाटलं. ड्रॉवर उघडला आणि पलीकडे दुसरंच घर निघालं, तसं. मी दोन वर्षांत त्यांना कशालाही नाही म्हटलं नव्हतं. "तुझी इच्छा," त्या म्हणाल्या आणि लॅपटॉपकडे वळल्या. उद्या मला काढतील का? माहीत नाही. चिमण्यांची ड्रॉइंग साफ येतात तोवर ठेवतील बहुतेक.

आता डब्यात जवला असतो आणि मी एकटीच जेवते. पॅन्ट्रीतच, त्याच मोठ्या टेबलावर. मी आले की बाकीच्यांचं जेवण आटोपतं. कोणी वाईट बोलत नाही, कोणी काहीच बोलत नाही. निखिलला पेन हवं असलं तर तो माझ्या टेबलावरून घेतो आणि माझ्याकडे न बघता परत ठेवतो. एकटेपणा म्हणतात तो हाच, आणि तो सोपा नाही. दुपारी दीड वाजला की डबा उचलायच्या आधी मी अजून दोनदा घड्याळ बघते. शूर वगैरे मी नाही. कधी कधी वाटतं, टाकून द्यावं ते सॉरी, दोन अक्षरं तर आहेत. मग टाकत नाही.

हे सगळं आयला सांगायला मला तीन आठवडे लागले. हॉटेलातलं सांगितलं लगेच, ते सोपं होतं, त्यात मी चांगली दिसत होते. राहिलं होतं ते साकीनाक्याचं. एका रविवारी सकाळी आम्ही दोघी अंगणात जवला पाखडत होतो. वाळू खाली, जवला सुपात. माझ्या जिभेला आता घरी आणि बाहेर अशा दोन चपला नाहीत, म्हणून म्हटलं सांगून टाकावं.

"आये, तुना येक सांगाचं हाय. साकीनाक्याला तू येक दिवस आलीव्हतीस ना..."

"माना ठावं हाय," ती म्हणाली. सूप थांबलं नाही.

"काय ठावं हाय?"

"तू रस पीत व्हतीस. लोकांचे बरोबर."

मी तिच्याकडे वळले. "तू माना बघितलंव्हतंस?"

"मीनी तुना आदी बघितलं," आय म्हणाली. "मंग मीनीच तोंड फिरवलं. म्हटलं, पोरीला लाज नको वाटाला."

सुपातून वाळू पडत राहिली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. असू दे म्हणाली नाही. डोक्यावरून हात फिरवला नाही. मी माफी मागायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण मला एकदम दिसलं की हे ती पहिल्यांदा करत नव्हती. शाळेच्या दारात ती कधी आली नाही, गेटच्या पलीकडे उभी राहायची. डिप्लोम्याच्या समारंभाला म्हणाली, मला गिऱ्हाईक आहे, तू जा. मला वाटायचं तिला वेळ नाही. ती आयुष्यभर माझ्या वाटेतून बाजूला होत होती, मी लाजायच्या आधी. मॅमनी माझा डबा एकदा जिन्यात ठेवला. हिने स्वतःला वीस वर्षं जिन्यात ठेवलं, आणि मी त्याच जिन्यावरून चढत गेले.

"मंग आता?" आयने विचारलं. रागाने नाही. पोरगी पुढे काय करणार हे तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

त्याचं उत्तर मी इथे लिहून दाखवते आहे.

तिने मला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. मी विचारणारही नाही. माफ करण्याचं कामही तिच्याच डोक्यावर कशाला? पॅन्ट्रीत जेवताना माझ्या शेजारची रिकामी खुर्ची भरेल की नाही, तेही माहीत नाही. न भरू दे. मला एवढं माहीत आहे की माझ्यासाठी माझ्या आयने तोंड फिरवायचं, हे आता बंद. ती साकीनाक्याला येवो, पवईला येवो, आमच्या ऑफिसच्या दारात येवो. माझ्यासोबत निखिल असो, मॅम असोत, क्लायंट असो. मधे केवढाही रस्ता असो. ती मला बघायच्या आधी मी तिला बघेन, आणि तिला मान वळवायला वेळ मिळायच्या आत, भर रस्त्यात, घसा फाटेस्तोवर, हाक मी मारणार.